शंभरपैकी किती?

थर्ड इयरला आम्हाला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग नावाचा विषय होता. लेक्चर दुपारी दोनचं, म्हणजे मेसच्या पोळ्या पोटात आणि डोळे अर्धे मिटलेले. त्यात 'व्हेंडर रेटिंग' असं एक प्रकरण आहे. माल देणारे चार-पाच सप्लायर असतील तर त्यांतला कोणता घ्यायचा हे मनाला येईल तसं ठरवायचं नाही. क्वालिटीला इतके मार्क, किमतीला इतके, वेळेवर माल पोचवण्याला इतके असं वजन ठरवायचं, प्रत्येकाला मार्क द्यायचे, गुणाकार करायचा, बेरीज करायची. ज्याचे जास्त त्याला ऑर्डर. आठ मार्कांचा हमखास प्रश्न म्हणून आम्ही सगळ्यांनी तो पाठ केला होता. पाठ केलेलं काही खऱ्या आयुष्यात लागेल असं आपल्या इथं कुणालाच वाटत नाही. मला लागलं. त्याच वर्षी जानेवारीत, मामासाठी शेवटचे दिवस काढायला जागा शोधायची होती तेव्हा.

मामा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. पान्ह्यांचे नंबर मला त्यानं शिकवले, तेही मी दुसरीत असताना. मी मेकॅनिकलला आलो त्याचं निम्मं पाप त्याच्या डोक्यावर. तीस वर्षं तळहातावर तंबाखू मळली आणि शेवटी गालाच्या आत गाठ आली. ऑपरेशन झालं, शेक दिले (गावाकडे त्याला 'लाईट दिली' म्हणतात), केमो झाली. आठ महिन्यांनी गाठ परत आली आणि या वेळी बाहेरून फुटली. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी फाईल मिटून मामीला सांगितलं, "आता घरी न्या. सेवा करा."

या वाक्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. नाकातून घातलेल्या नळीनं मामाला पातळ अन्न द्यायचं. बोलता येत नव्हतं, म्हणून नातीची पाटी उशाशी ठेवलेली. गालावरच्या जखमेला वास यायचा. भेटायला येणारी माणसं दारातच बसायची आणि चहा नको म्हणायची. हे मामाला दिसायचं. रात्री दुखणं वाढलं की तो भिंतीवर मूठ आपटायचा. गावातला कंपाउंडर येऊन इंजेक्शन द्यायचा, ते दोन तास पुरायचं. मी संक्रांतीला गेलो तेव्हा भिंतीचा रंग एका जागी उडालेला पाहिला.

मामी म्हणाली, "तू पुण्यात हाईस, शिकलेला हाईस, चार जागा बघून ये." इंजिनिअरला घरच्यांच्या मते पंखा दुरुस्त करण्यापासून सगळंच येतं. ताईचं, म्हणजे मामाच्या मुलीचं, सासर चिंचवडला, त्यामुळे पुणेच सोयीचं होतं.

'हॉस्पिस' हा शब्द तोपर्यंत मी ऐकलासुद्धा नव्हता. मग वाचायला लागलो. लंडनमध्ये 1967 साली सिसिली साँडर्स नावाच्या बाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, तिथून या सगळ्याचं आजचं रूप सुरू झालं. बाई आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्यांच्या दुखण्याकडे कुणी बघत नाही म्हणून पुढे मेडिकल शिकून डॉक्टर झाल्या. (आपण एका केटीवर हाय खातो.) माणसाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं, त्यात मनाचं, घरच्यांचं, पैशाचं आणि देवाधर्माचंही दुखणं मिसळलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. तिथं पैसे घेत नाहीत आणि पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं. एवढं सगळं आपल्या उशाशी असून मला ठाऊक नव्हतं. 2010 साली मरणाच्या वेळी मिळणाऱ्या देखभालीवरून चाळीस देशांची क्रमवारी लावली होती. त्यात आपला नंबर चाळिसावा. 2015 साली ऐंशी देशांत सदुसष्टावा. आणि याच देशातल्या केरळनं 2008 साली या कामासाठी सरकारी धोरण करून गल्लोगल्ली स्वयंसेवक उभे केलेत.

तर मी तीन जागा निवडल्या आणि एक्सेल शीट केली. जागांची नावं इथं मुद्दाम देत नाही. कॉलम असे: खर्च, चिंचवडपासून अंतर, डॉक्टर किती, ऑक्सिजनची सोय, स्वच्छता, जेवण, भेटण्याच्या वेळा. प्रत्येकाला वजन. रविवारी सकाळी मित्राची बाईक घेऊन निघालो आणि संध्याकाळी बेरीज करून मोकळा झालो. पहिल्या जागेला चौऱ्याऐंशी. लिफ्ट, एसी, बेडच्या मागे भिंतीत ऑक्सिजनची लाइन, मॅनेजरचं व्हिजिटिंग कार्ड, रंगीत माहितीपत्रक. दुसरी जागा एका ट्रस्टची, बैठी इमारत, व्हरांड्याच्या छताला ओल. अठ्ठावन्न. तिसरीकडे बेडच रिकामा नव्हता.

शीट रूममेटला दाखवली. तो तेव्हा आमच्या हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी होता. त्यानं ती खालीवर केली आणि विचारलं, "यात मामा कुठाय?"

"म्हणजे?"

"मामाला काय होतंय ते कुठल्या कॉलममध्ये आहे? आणि तू गेलास कधी? सकाळी अकराला. अरे, मेस बघायची तर जेवायच्या वेळेला जायचं नसतं. भांडी घासतात तिथं जाऊन उभं राहायचं."

त्याचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला मी न सांगता पहिल्या जागी गेलो. वॉचमननं "पेशंट का?" विचारून सोडलं. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी कण्हत होत्या, अगदी एका लयीत. बाहेर खुर्चीवर एक मुलगा मोबाईल बघत बसला होता, वय माझ्याएवढंच. मी म्हटलं, "त्यांना दुखतंय बहुतेक." तो म्हणाला, "हो, रोजचंच आहे. सकाळी डॉक्टर येतील तेव्हा सांगू." तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याच्या हातात काहीच दिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरना फोन करून विचारलं, मॉर्फिन ठेवता का? ते म्हणाले, "छे छे, ते लफडं आम्ही ठेवत नाही. पोलीस केस होते."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण मलाही मॉर्फिन म्हणजे सिनेमातली नशा एवढंच माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मधल्या पायरीवर ट्रॅमाडॉल, कोडीन वगैरे, आणि त्यानं भागलं नाही तर मॉर्फिन. तेही शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळावर. दुखायला लागल्यावर द्यायचं नाही, दुखणं परत यायच्या आत पुढचा डोस गेला पाहिजे. मॉर्फिन अफूपासून होतं आणि अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं चालते. म्हणजे माल आपल्याच देशात पिकतो. पण 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्यांचं असं जंगल उभं केलं की दवाखान्यांनी तो ठेवणंच सोडलं. 2014 साली कायदा बदलला, मान्यता मिळालेल्या संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. भीती मात्र जुन्या कायद्याचीच राहिली आहे.

मग पुन्हा त्या अठ्ठावन्न मार्कांच्या बैठ्या इमारतीत गेलो. रात्रीची वेळ. सिस्टर एकट्याच होत्या आणि कुणाची तरी कूस बदलून देत होत्या. मला म्हणाल्या, "दादा, दहा मिनिटं बसा." वीस मिनिटं बसलो. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली की इथं फिनाईलचा वास नाही. पहिल्या जागी दारापासून फिनाईल नाकात जायचं आणि मी त्याला स्वच्छतेत दहापैकी नऊ दिले होते. फिनाईल कशावर ओतलेलं असतं, हे आमच्या हॉस्टेलच्या टॉयलेटमध्ये तीन वर्षं राहून मला कळायला हवं होतं.

मी प्रश्नांची यादी काढली. सिस्टर म्हणाल्या, "तुमचे विचारा, पण आधी माझे." आणि सुरू झाल्या. रात्री सलग किती तास झोपतात? दुखणं एकाच जागी आहे की कानाकडे जातं? जखमेला वास आहे का? त्यामुळे माणसं लांब बसतात का? शौचाला शेवटचं कधी झालं? मामींना झोप मिळते का? घरात कमावतं कोण आहे? आजाराबद्दल त्यांना स्वतःला किती माहीत आहे?

एक्स्टर्नलसमोर ओरलला बसल्यासारखं झालं. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. शौचाचा प्रश्न तर मला चक्क फालतू वाटला. माणूस मरतोय आणि ह्या बाई हे काय विचारतायत! नंतर समजलं, मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ ठेवायचं औषध चालू करावं लागतं. हा प्रश्न जो आपणहून विचारतो, त्यानं मॉर्फिन दिलेलं आहे असं खुशाल समजावं. मला विचाराल तर माझ्या सगळ्या शीटपेक्षा हा एक कॉलम जास्त कामाचा होता.

मामाला आणायचं ठरलं आणि घरात भांडण पेटलं. एक काका म्हणाले आयसीयूत टाका, पैसे मी देतो. एक आत्या फोनवर ताईला म्हणाली, "बापाला मरायला आश्रमात टाकतेस होय गं?" ताई त्या दिवशी जेवली नाही. यावर आमच्याकडे काही उत्तर नव्हतं आणि कुणी ते शोधतही बसलं नाही. मामीनं पिशवी भरली. मामाला काय सांगायचं, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मामा, पुण्यात फिजिओथेरपीची चांगली सोय आहे. थोडी ताकद आली की परत यायचं." मामानं पाटीवर लिहिलं, 'बरं.'

पहिल्या दिवशी सिस्टरनी विचारलं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही, तर आत्ता किती? मामानं लिहिलं 9. गोळी कुटून, पाण्यात मिसळून नळीतून दिली. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवावं लागत नाही. जखम धुऊन तिच्यावर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड टाकायला लागले. जुलाब झाले की आपण घेतो तीच ही गोळी. चार दिवसांत वास जवळजवळ गेला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मामा पलंगावर बसून खिडकीतून बाहेरच्या पाण्याच्या मोटरकडे बघत होता. किती, म्हणून विचारलं. त्यानं 3 लिहिलं, जरा विचार केला, आणि पुढे अर्धा जोडला. मायक्रोमीटर हाताळलेला माणूस! मग लिहिलं, 'मोटरचं बेअरिंग गेलंय. सांग त्यांना.'

बेअरिंग खरंच गेलेलं होतं.

माझ्या फिजिओथेरपीचा निकाल आठवड्यानं लागला. सिस्टरनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आम्ही आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." मी त्यांना विनवण्या केल्या. त्या नाही म्हणाल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता आणि मी मनातल्या मनात त्यांचे दहा मार्क कापलेसुद्धा. एका दुपारी मामानं विचारलं. डॉक्टर त्याच्या पलंगावर बसले, खुर्चीवर नाही. मी बाहेर व्हरांड्यात. अर्ध्या तासानं आत बोलावलं. मामाचे डोळे लाल होते. त्यानं पाटी माझ्यापुढे धरली: 'मला म्हाईत हुतं. तू उगा फिजो फिजो करत हुतास.' त्यानंतर तो हसला. तोंडाची एकच बाजू हलली. त्या दिवशी त्यानं मामीला बँकेचं, प्रॉव्हिडंट फंडाचं आणि कुणाला उसने दिलेल्या अठरा हजारांचं सगळं लिहून दिलं. ते अठरा हजार कुणाला माहीतच नव्हते.

ती जागा स्वर्ग होती असा कुणाचा समज व्हायला नको. जेवण आमच्या मेसच्याच तोडीचं. एक मावशी मामीवर उगाच खेकसायच्या. रात्रीला एकच सिस्टर आणि पेशंट चौदा. एका रविवारी दोन पेशंट एकदम अत्यवस्थ झाले आणि मामाचा रात्री दहाचा डोस पावणेअकराला मिळाला. ती पाऊण तास मामी विसरलेली नाही. सकाळी आम्ही तक्रार करायला निघालो, तर मोठ्या सिस्टर आधीच आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "काल उशीर झाला. चूक आमची. रजिस्टरला लिहिलंय." तक्रारीचं वाक्य आमच्या तोंडातच राहिलं.

तिथं मामीला सगळं शिकवलं. नळीतून किती आणि कसं द्यायचं, जखम कशी धुवायची, दर दोन तासांनी कूस का बदलायची, पाठीला लाल डाग दिसला तर काय. मार्चमध्ये नातीचा पहिला वाढदिवस होता, मामाला जायचं होतं. मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी गोळ्या मोजून दिल्या, रात्री-अपरात्री लावायचा फोन नंबर दिला आणि एक वही दिली, प्रत्येक गोळीची वेळ टिपायला. चार दिवसांसाठी गेलेला मामा ताईच्या घरी अकरा दिवस राहिला. परत जायचं नाव कुणी काढलं नाही.

बाराव्या रात्री अडीचला त्याच्या घशातून घुर्र घुर्र आवाज यायला लागला. मामीनं त्या नंबरला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला. सिस्टर फोनवर होत्या जवळजवळ तासभर. एका कुशीवर वळवा. नळीतून आता काही देऊ नका. कापूस ओला करून ओठांवरून फिरवा. तो आवाज ऐकणाऱ्याला सहन होत नाही, त्यांना त्याचा त्रास होत नाहीये. त्यांच्याशी बोला, ऐकू जातं. कुणी अ‍ॅम्ब्युलन्स म्हणालं तर मला फोन द्या. ताईच्या सासऱ्यांनी खरंच अ‍ॅम्ब्युलन्सचा विषय काढला आणि फोन त्यांच्या हातात दिला गेला. काय बोलणं झालं कोण जाणे, पण ते गप्प होऊन मामाच्या पायाशी बसले.

मला फोन आला तेव्हा मी शीट काढत होतो. दुसऱ्या दिवशी मशीन डिझाइनचं सबमिशन होतं. चिंचवडला पोचेपर्यंत साडेपाच झाले. मामा सव्वापाचला गेला होता. मामी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "भिंतीवर न्हाई मारलं रं त्यांनी एकदाबी."

नंतर कधीतरी वाचताना कळलं की अमेरिकेत 2015 पासून सरकार हॉस्पिसची परीक्षा घेतं ती पेशंट गेल्यानंतर, घरच्यांना प्रश्नावली पाठवून. रात्री, शनिवार-रविवारी, सुट्टीच्या दिवशी मदत लागली तेव्हा मिळाली का? तिथल्या माणसांनी एकमेकांच्या उलट काही सांगितलं का? लिफ्ट आणि एसी त्यात नाही. मी शीट पुन्हा उघडून हे कॉलम टाकायचा प्रयत्न केला. एक अडचण अशी की हे मार्क द्यायच्या वेळी ऑर्डर देऊन झालेली असते. जानेवारीतल्या माणसाला मार्चमधलं कसं दिसणार? मला तरी दोनच मार्ग सुचतात. रात्री जाऊन बघायचं, आणि ते आपल्याला काय विचारतात ते ऐकायचं.

पाच-सहा आठवड्यांनी मामीला तिथल्या समाजसेविकेचा फोन आला. झोप लागते का, पेन्शनचे कागद झाले का, वगैरे. मामीला वाटलं बिल राहिलं असेल. तसं काही नव्हतं. मग मामीच म्हणाली, गोळ्या उरल्यात, काय करू? त्या म्हणाल्या, फेकू नका, कुणाला देऊ नका, येताना घेऊन या.

मी मामीला घेऊन गेलो. मोटर नवीन बसवलेली दिसली. सिस्टरनी मामीच्या वहीतल्या रेघा मोजल्या, दिलेल्या गोळ्यांतून वजा केल्या आणि म्हणाल्या, "बावीस उरायला हव्यात." पाकीट टेबलावर उघडून दोनदोन करत मोजलं. बावीस होत्या. त्यांनी रजिस्टरमध्ये तारीख घातली आणि वही मामीपुढे सरकवली. मामी सही करताना पूर्ण नाव लिहिते, मध्ये मामाचं नाव येतं, त्यामुळे तिला जरा वेळ लागला. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली.